एका हाताची टाळी

न्यू यॉर्कहून हडसन नदी ओलांडून पश्चिमेला गेलं की न्यू जर्सी राज्यातलं सीकॉकस हे गाव लागतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते डुकरं पाळणाऱ्यांचं गाव म्हणून ओळखलं जायचं आणि त्याच्या वासावरून न्यू यॉर्कची माणसं विनोद करायची. १९८७ च्या ऑक्टोबरपासून या गावाला नवी ओळख मिळाली. इथल्या एका टीव्ही स्टुडिओच्या दाराशी तरुण पोरांची रांग लागू लागली. आत शिरल्यावर ती पोरं मुठी उगारून एकाच नावाचा गजर करायची : 'मॉर्ट! मॉर्ट! मॉर्ट!' मग पंचावन्नच्या घरातला एक माणूस पेटती सिगारेट घेऊन यायचा. पुढच्या रांगेतल्या हातांवर टाळ्या देत तो मधल्या मोकळ्या जागेत उभा राहायचा आणि भांडायला सुरुवात करायचा.

त्याचं नाव मॉर्टन डाउनी ज्युनियर. त्याच्या मंचावर सोफा नव्हता, फुलदाणी नव्हती, कॉफीचे कप नव्हते. पाहुण्यांसाठी साध्या खुर्च्या होत्या. प्रेक्षकांना बोलण्यासाठी जो कठडा होता, त्याला दात विचकलेल्या प्रचंड तोंडाचा आकार दिला होता. त्याला 'लाउडमाउथ' म्हणत, म्हणजे तोंडाळ माणूस. तिथं उभं राहून कुणीही पाहुण्याला चार शब्द सुनवावेत, अशी सोय होती. समोरचा जास्त बोलू लागला की डाउनी ओरडायचा, 'झिप इट!' तोंडाला कुलूप लाव! पाहुणा उदारमतवादी असेल, तर त्याला 'पॅब्लम ओकणारा' ही शिवी ठरलेली. पॅब्लम म्हणजे तान्ह्या बाळांना भरवायची खळ. आणि पाहुणा फारच वैताग देऊ लागला, तर सिगारेटचा धूर सरळ त्याच्या तोंडावर.

रात्री नऊच्या ठोक्याला पडद्यावरच्या आठ चौकटींत आठ जण एकदम ओरडताना पाहायची सवय झालेल्या मराठी प्रेक्षकाला यात काही नवल वाटणार नाही. १९८७ साली ते नवल होतं, आणि ते पाहायला अमेरिकेत झुंबड उडाली. तरीही हा कार्यक्रम पुरती दोन वर्षंही चालला नाही. भांडणाला इतकं गिऱ्हाईक होतं, तर दुकान इतक्या लवकर का बंद पडलं? डाउनीच्या कारकिर्दीतला हा खरा प्रश्न आहे.

आधीचे पैलवान

टीव्हीवर पाहुण्याला बोलावून त्याचा अपमान करण्याची कल्पना डाउनीची नव्हे. तिचा मान जो पाइनकडे जातो. पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर गावी १९२४ साली जन्मलेला पाइन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलात लढला. पुढे १९५५ मध्ये त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि उरलेली कारकीर्द त्याने कृत्रिम पायावर काढली. रेडिओवर श्रोत्यांचे फोन घ्यायचे आणि त्यांच्याशीच वाद घालायचा, हा त्याचा खाक्या. तोच त्याने लॉस एंजेलिसच्या केटीटीव्ही या केंद्रातून टीव्हीवर आणला आणि १९६५ नंतर तो देशभरातल्या शहरांत दिसू लागला. 'जा, दाढीच्या पात्यांनी गुळण्या कर,' हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. प्रेक्षकांनी आपली गाऱ्हाणी मांडावीत म्हणून त्याने 'बीफ बॉक्स' नावाचा एक कठडा ठेवला होता. बोलीत 'बीफ' म्हणजे तक्रार. डाउनीच्या लाउडमाउथचा हा थोरला भाऊ. पाइन सतत सिगारेट ओढायचा. १९७० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याचं वय अवघं ४५ होतं.

दुसरा वॉली जॉर्ज. दक्षिण कॅलिफोर्नियातला ऑरेंज काउंटी हा भाग म्हणजे तेव्हाच्या उजव्या राजकारणाचा बालेकिल्ला. तिथल्या अ‍ॅनाहाइममधल्या केडीओसी या लहानशा केंद्रावर त्याचा 'हॉट सीट' हा कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. पांढरे केस, टेबलामागे अमेरिकेचा झेंडा, समोर आरडाओरडा करायला आलेले विद्यार्थी. त्याच वर्षी अमेरिकेने ग्रेनाडा या चिमुकल्या बेटावर सैन्य उतरवलं. त्यावर बोलायला आलेल्या ब्लेझ बॉनपेन या शांततावादी कार्यकर्त्याने, जो एके काळी धर्मगुरू होता, संतापून जॉर्जचं टेबलच उलथवलं. ती दृश्यं देशभर दाखवली गेली आणि स्थानिक कार्यक्रमाचं नाव रातोरात झालं. आपल्या प्रकाराला जॉर्ज 'कॉम्बॅट टीव्ही' म्हणायचा, म्हणजे लढाईचा टीव्ही.

जॉर्जच्या टेबलाने धंद्यातल्या लोकांना एक धडा दिला. तासभराच्या शाब्दिक चकमकीपेक्षा पाच सेकंदांची झटापट लांबवर पोचते, आणि तिची जाहिरात दुसऱ्या वाहिन्या फुकट करतात.

श्रीमंत घरातला रांगडा

डाउनी पडद्यावर कामगार वस्तीतल्या नाक्यावरचा माणूस वाटायचा. त्याचं घराणं मात्र वेगळंच होतं. ९ डिसेंबर १९३२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचा जन्म झाला. वडील मॉर्टन डाउनी हे त्या काळातले नावाजलेले गायक. 'आयरिश नाइटिंगेल' म्हणून त्यांची ख्याती होती. १९३१ मध्ये त्यांचा रेडिओ कार्यक्रम घराघरांत ऐकला जायचा, आणि त्याचा खर्च कॅमल सिगारेटची कंपनी करायची. आई बार्बरा बेनेट नर्तकी आणि अभिनेत्री. चित्रपटतारका कॉन्स्टन्स बेनेट आणि जोन बेनेट या त्याच्या सख्ख्या मावश्या, तर आजोबा रिचर्ड बेनेट हे रंगभूमीवरचे मोठे नट. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या हायॅनिस पोर्टला या कुटुंबाचं उन्हाळ्याचं घर होतं, केनेडींच्या शेजारी.

या झगमगाटाच्या आत संसार मात्र धड नव्हता. १९४१ मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि मुलांचा ताबा वडिलांकडे गेला. हा मुलगा मोठा झाला तो बापाच्या सावलीत. बराच काळ तो शॉन डाउनी याच नावाने वावरला. त्याने गाणी गायली, ध्वनिमुद्रिका काढल्या, पण बापाचा गळा त्याला लाभला नव्हता. निरनिराळ्या शहरांत रेडिओवर निवेदक म्हणून नोकऱ्या केल्या. १९६७ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन ही नवी स्पर्धा उभी राहिली, तेव्हा न्यू ऑर्लीन्सच्या संघाच्या मालकांमध्येही तो होता. एकाही धंद्यात तो फार काळ टिकला नाही.

राजकारणातही त्याची वाट सरळ नव्हती. केनेडींच्या शेजारात वाढलेला हा माणूस डेमोक्रॅटिक पक्षाचा होता. १९८० मध्ये त्याने याच पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली, तीही गर्भपाताला विरोध हा मुद्दा घेऊन. हाती काही लागलं नाही. पण हा तपशील महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी लाखो गोऱ्या कामगार कुटुंबांनी, त्यातही आयरिश आणि इटालियन वंशाच्या कॅथलिकांनी, पिढ्यान् पिढ्यांचा डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रॉनल्ड रीगन यांना मत दिलं. कारखाने बंद पडत होते, शहरांत गुन्हे वाढत होते आणि आपल्या पक्षाचे शिकलेले पुढारी आपल्याला गावंढळ समजतात, ही सल होती. डाउनीचा उजवेपणा याच मुशीतला. पुस्तकं वाचून आलेला तो नव्हता. त्यात सिद्धान्त कमी आणि चीड जास्त होती.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटोमधल्या केएफबीके या रेडिओ केंद्रावर बोलत होता. तिथं त्याला सूर सापडला, आणि तिथंच तो घसरला. एका विनोदात त्याने चिनी वंशाच्या माणसासाठी अपमानास्पद शब्द वापरला. त्यावरून गहजब झाला आणि १९८४ मध्ये त्याची नोकरी गेली. केंद्राने त्याच्या जागी मिझुरी राज्यातल्या एका तेहतीस वर्षांच्या निवेदकाला घेतलं. त्याचं नाव लक्षात ठेवा : रश लिंबॉ.

भांडणाचा कारखाना

सीकॉकसच्या केंद्राचं नाव डब्ल्यूडब्ल्यूओआर, चॅनल ९. हे केंद्र मुळात न्यू यॉर्कचं. न्यू जर्सीला स्वतःचं मोठं व्यापारी टीव्ही केंद्र नाही, या जुन्या तक्रारीवर तोडगा म्हणून ते नदीपलीकडे हलवलं गेलं होतं. १९८७ मध्ये ते एमसीए या करमणूक कंपनीने विकत घेतलं. एमसीएच्याच भांडवलावर रॉबर्ट पिटमन याने क्वांटम मीडिया नावाची कंपनी काढली होती. एमटीव्ही ही गाण्यांची वाहिनी उभी करणाऱ्यांपैकी हा एक. तरुणांना पडद्याशी कसं खिळवायचं हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या कंपनीने डाउनीला हेरलं आणि १९ ऑक्टोबर १९८७ रोजी 'द मॉर्टन डाउनी ज्युनियर शो' सुरू झाला.

अशा कार्यक्रमाचं अर्थकारण समजून घेण्याजोगं आहे. मालिका काढायची तर लेखक, नट, बाह्यचित्रण, पोशाख, सगळ्यांवर पैसा लागतो. इथं एकच नेपथ्य, एकच पगारी तारा आणि फुकट येणारे प्रेक्षक. पाहुणे प्रसिद्धीसाठी येतात. खर्च कमी असल्याने थोडे प्रेक्षक मिळाले तरी नफा होतो. शिवाय चॅनल ९ चं प्रक्षेपण उपग्रहामार्फत दूरदूरच्या केबल कंपन्यांना मिळत होतं, त्यामुळे न्यू जर्सीतलं भांडण इतर राज्यांतही पोचू लागलं. १९८८ च्या उन्हाळ्यापासून हा कार्यक्रम 'सिंडिकेशन' पद्धतीने देशभर विकला जाऊ लागला. म्हणजे एखाद्या मोठ्या राष्ट्रीय जाळ्याने तो दाखवायचा नाही, तर प्रत्येक शहरातल्या केंद्राने स्वतंत्रपणे विकत घ्यायचा. या पद्धतीत वाढ झपाट्याने होते. ओहोटीही तितक्याच झपाट्याने लागते, कारण एकेक शहर सुटत गेलं की पायाच खचतो.

पण या कारखान्यातलं खरं यंत्र होतं प्रेक्षक. अमेरिकन टीव्हीवर प्रेक्षकांना बोलतं करण्याचं काम फिल डोनाह्यूने १९६७ पासून केलं होतं. तो हातात माइक घेऊन प्रेक्षकांत फिरायचा आणि गृहिणींना प्रश्न विचारू द्यायचा. डोनाह्यूचा प्रेक्षक उत्सुक असायचा. डाउनीचा प्रेक्षक निकाल ठरवून आलेला असायचा. पाहुण्याने तोंड उघडण्याआधीच हुर्यो सुरू. त्यामुळे पाहुण्याची लढाई एकाशी नसायची, दोनशे जणांशी असायची. डाउनी हात वर करून गर्दीला थांबवू शकत होता आणि भुवई उंचावून भडकवूही शकत होता. हा लगाम आपल्या हातात आहे असं त्याला वाटत होतं.

आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात दोन शाहीर रात्रभर एकमेकांना खिंडीत गाठत. पण तिथं समोरच्याचा सवाल पुरा ऐकल्याशिवाय जबाब देता येत नसे, कारण जबाबाचं कौशल्यच सवालावर उभं. डाउनीच्या फडात सवाल पुरा होण्याआधीच गर्दी जबाब देऊन मोकळी व्हायची.

तरीही त्याच्या मंचावर माणसं आली, ही नोंद करायला हवी. १९८८ साली लिबर्टेरियन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे रॉन पॉल तिथं आले आणि अमली पदार्थांवरच्या बंदीविरुद्ध बोलून गर्दीच्या शिव्या खाऊन गेले. वकील अ‍ॅलन डर्शोविट्झ आले, ग्लोरिया ऑलरेड आल्या. फाशीची शिक्षा, गर्भपात, वंशवाद, समलैंगिकांचे हक्क, हेवी मेटल संगीत, काहीही वर्ज्य नव्हतं. विषयांची यादी एखाद्या गंभीर साप्ताहिकाला शोभेल अशी होती. फक्त त्यांची चर्चा व्हायची नाही.

अपोलोच्या मंचावर

१९८८ च्या ऑगस्टमध्ये डाउनी आपला फड घेऊन न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या अपोलो थिएटरमध्ये गेला. ही कृष्णवर्णीय कलावंतांची पंढरी. तेव्हा न्यू यॉर्क राज्य एका प्रकरणाने ढवळून निघालं होतं. आदल्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पंधरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने, गोऱ्या पुरुषांच्या टोळीने आपल्यावर अत्याचार केला असा आरोप केला होता. तिची बाजू लावून धरणाऱ्यांत अल शार्प्टन हे तरुण धर्मोपदेशक आघाडीवर होते. डाउनीने या प्रकरणावर वारंवार कार्यक्रम केले आणि मुलगी खोटं बोलते आहे, असा धोशा लावला.

अपोलोच्या मंचावर शार्प्टन होते आणि रॉय इनिसही होते. 'काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी' या जुन्या नागरी हक्क संघटनेचे इनिस हे प्रमुख, पण तोवर ते बरेच उजवीकडे झुकले होते. शब्दाला शब्द वाढला. इनिस उठले आणि त्यांनी शार्प्टन यांना असा धक्का दिला की ते खुर्चीसकट मागे कोसळले. वॉली जॉर्जच्या टेबलासारखंच हे दृश्य सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं. ऑक्टोबरमध्ये ग्रँड ज्युरीने त्या मुलीच्या आरोपांना पुरावा नसल्याचा निष्कर्ष जाहीर केला. एका अर्थी डाउनी बरोबर ठरला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो धक्का. कोण खरं बोलत होतं, ते नव्हे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हेराल्डो रिव्हेरा या दुसऱ्या सूत्रसंचालकाच्या कार्यक्रमात गोऱ्या वर्चस्ववाद्यांबरोबरच्या चर्चेत हाणामारी झाली. एक खुर्ची येऊन रिव्हेराचं नाक फुटलं. ठिणगी पाडणाऱ्या झटापटीत पाहुणे म्हणून आलेले तेच रॉय इनिस होते. मासिकं-वर्तमानपत्रांत 'ट्रॅश टीव्ही', म्हणजे कचरापट्टी टीव्ही, हा शब्द सर्रास झाला. डाउनीच्या मक्तेदारीला स्पर्धक उभे राहिले होते, आणि त्यांच्यापेक्षा वरचा स्वर लावणं त्याला भाग होतं.

उलटं स्वस्तिक

२४ एप्रिल १९८९. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच्या स्वच्छतागृहातून डाउनी बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांचे झुपके कापलेले होते आणि चेहऱ्यावर नाझींचं स्वस्तिक चितारलेलं होतं. मुंडण केलेल्या नवनाझी पोरांनी आपल्यावर हल्ला केला, असं त्याने सांगितलं. पोलिसांनी तपास केला. गजबजलेल्या विमानतळावर असा हल्ला पाहिलेला साक्षीदार मिळेना. आणि चेहऱ्यावरचं ते चिन्ह उलटं होतं, आरशात पाहून स्वतःच्या तोंडावर काढावं तसं. त्याचा दावा सिद्ध झाला नाही. बहुतेकांनी तो बनाव मानला.

या प्रसंगाला चमचमीत किस्सा म्हणून सांगायची पद्धत आहे. पण त्यामागे एक केविलवाणं गणित होतं. प्रेक्षकाला रोज थोडा जास्त ठसका लागत होता. आज आरडाओरडा, उद्या धक्काबुक्की, मग परवा काय? मोठ्या जाहिरातदारांनी या कार्यक्रमाकडे आधीच पाठ फिरवली होती. आपला साबण किंवा आपली गाडी शिवीगाळीच्या मधोमध दिसावी, असं कुठल्या कंपनीला वाटेल? लोक पाहत होते, पण त्या पाहण्याचे पैसे होत नव्हते. शहरांमागून शहरं कार्यक्रम सोडू लागली. आणि तिसरी अडचण सगळ्यांत खोल होती. ज्यांना काही म्हणायचं आहे असे शहाणे विरोधक आता येईनात. एकदा तोंडावर धूर घेतला, दुसऱ्यांदा कोण जाईल? उरले ते प्रसिद्धीसाठी काहीही सोसायला तयार असणारे. त्यांना हरवण्यात प्रेक्षकालाही मजा नव्हती.

जुलै १९८९ मध्ये कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय झाला आणि १५ सप्टेंबरला शेवटचा भाग दाखवला गेला. १९९० च्या फेब्रुवारीत डाउनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याच वर्षी आलेल्या 'प्रेडेटर २' या चित्रपटात तो आगाऊ टीव्ही बातमीदाराच्या भूमिकेत दिसला. स्वतःचीच नक्कल करून पोट भरायची वेळ आली होती. पुढे सीएनबीसीवर आणि इतरत्र त्याने नव्याने सुरुवात करून पाहिली, पण गाडी पुन्हा रुळावर आली नाही.

त्याच खुर्चीतला दुसरा

आता सॅक्रामेंटोच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे वळू. रश लिंबॉने चार वर्षं तिथं बोलून नाव कमावलं. १ ऑगस्ट १९८८ रोजी, म्हणजे अपोलोचा फड रंगला त्याच महिन्यात, न्यू यॉर्कहून त्याचा देशव्यापी रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. तो २०२१ पर्यंत, त्याच्या मृत्यूपर्यंत चालला. बत्तीस वर्षं! विचार जवळपास तेच, श्रोते त्याच वर्गातले, राग त्याच लोकांवर. मग फरक कुठं पडला?

लिंबॉच्या खोलीत समोर कुणी नसायचं. तो, माइक आणि टेबलावरचे कागद. फोन येत, पण कुणाला घ्यायचं ते आधी ठरे आणि फोन करणारे बहुतेक त्याचे चाहतेच असत. विरोधकाचं म्हणणं काय आहे, ते लिंबॉच सांगायचा, त्याची नक्कलही करायचा आणि खोडूनही काढायचा. टाळी एका हाताने वाजत नाही, असं आपण म्हणतो. लिंबॉने ती तीन दशकं वाजवून दाखवली. विरोधक रुसण्याचा, उठून मारण्याचा, किंवा कधीमधी वादात जिंकून जाण्याचा धोकाच उरला नाही.

याला कायद्यातला एक बदल पूरक ठरला. अमेरिकेत प्रसारणाचे परवाने देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९४९ मध्ये 'फेअरनेस डॉक्ट्रिन' हा दंडक घातला होता. लहरी मोजक्या आहेत, त्या जनतेच्या मालकीच्या आहेत, म्हणून वादाच्या सार्वजनिक प्रश्नांवर केंद्राने विरोधी मतालाही वाव द्यावा, असा त्याचा आशय. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९८७ च्या जून महिन्यात, या दंडकाला कायद्याचं रूप देणारं विधेयक रीगन यांनी नकाराधिकार वापरून अडवलं. ऑगस्टमध्ये आयोगाने दंडकच रद्द केला. डाउनीचा कार्यक्रम त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी सुरू झाला. गंमत अशी, की त्याच्या कार्यक्रमाचं या बदलावाचूनही भागलं असतं. तिथं विरोधी मताला खुर्ची होतीच, भले तिच्यावर धूर सोडला जात असेल. रद्द झालेल्या दंडकाचा खरा लाभ झाला तो रोज तीन तास एकाच बाजूने बोलणाऱ्या रेडिओला.

अर्थात सगळं श्रेय त्या एका निर्णयाला देता येणार नाही. संगीत एएमवरून एफएमवर गेलं होतं, कारण तिथं आवाज स्वच्छ येतो. ओस पडलेल्या एएम केंद्रांना वेळ भरायला स्वस्त बोलणं हवंच होतं. उपग्रहामुळे एकाच माणसाचं बोलणं शेकडो केंद्रांना पुरवणं सोपं झालं होतं. डाउनी या वळणावर उभा होता, पण त्याचा धंदा जुना होता : कुस्ती. आणि कुस्तीला जोडीदार लागतो.

१९९२ ते १९९६ या काळात लिंबॉने टीव्हीवरही कार्यक्रम केला. त्याचा निर्माता होता रॉजर एल्स. याच एल्सने ऑक्टोबर १९९६ मध्ये फॉक्स न्यूज ही वाहिनी उभी केली आणि बिल ओ'रायली तिथं रोज रात्री पाहुण्यांना दटावू लागला. पण आता गर्दी नव्हती. पाहुणा बहुधा दुसऱ्या शहरातल्या कॅमेऱ्यासमोर बसून चौकटीत दिसायचा. त्याला गप्प करायला प्रेक्षकांची हुर्यो लागत नव्हती, माइक बंद केला की झालं. डाउनीचा चढा स्वर पुढच्यांनी घेतला, त्याची जोखीम मात्र टाकून दिली. भांडणाची दुसरी शाखा जेरी स्प्रिंगर या सूत्रसंचालकाकडे गेली. तिथं राजकारण नव्हतं, होती ती नवरा-बायकोची आणि सासरमाहेरची खुर्च्याफेक.

अपोलोच्या मंचावर खुर्चीसकट कोसळलेले अल शार्प्टन २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले आणि २०११ पासून एमएसएनबीसी या वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम करू लागले. पाहुणा सूत्रसंचालक झाला. अर्थात, विरुद्ध गोटाच्या वाहिनीवर.

धूर

१९९६ मध्ये डाउनीला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं निष्पन्न झालं आणि एक फुप्फुस काढावं लागलं. ज्या सिगारेटच्या धुरावर त्याची प्रतिमा उभी होती, त्याच सिगारेटविरुद्ध तो आता जाहीरपणे बोलू लागला. आपण तरुणांपुढे काय ठेवलं, याची खंत त्याने उघडपणे व्यक्त केली. त्याच्या उरलेल्या आयुष्यातलं हे काम बहुधा त्याच्या सगळ्या आरडाओरड्यापेक्षा उपयोगाचं होतं. त्यासाठी त्याला कुणाला गप्प करावं लागलं नाही. १२ मार्च २००१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचं निधन झालं. वय ६८. त्याच्यावरचा 'एव्होकाटर' हा माहितीपट २०१२ मध्ये आला, तेव्हा तो एका पिढीला पुन्हा आठवला आणि दुसरीला प्रथमच कळला.

लिंबॉ सिगारचा शौकीन. २०२१ च्या फेब्रुवारीत, सत्तराव्या वर्षी, तोही फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेला. त्याआधी वर्षभर त्याला अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान संसदेच्या भरसभेत दिला गेला होता. डाउनीला असा सन्मान कुणी देऊ केला नसता. त्याने टीव्हीवरचा संवाद बिघडवला, हा आरोप खरा आहे आणि त्यातून त्याची सुटका नाही. पण त्याच्यानंतर जे आलं ते त्याच्यापेक्षा सभ्य दिसतं म्हणून अधिक न्याय्य आहे, असं समजायचं कारण नाही.

आज रात्री चर्चेचा कार्यक्रम लावलात, तर आवाजाकडे लक्ष देऊ नका. दुसऱ्या बाजूसाठी खुर्ची मांडली आहे का, तिच्यावर त्या बाजूचा जाणता माणूस बसवला आहे की मार खायला आणलेला, आणि त्याचं एक तरी वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचतं का, एवढंच पाहा. सीकॉकसच्या त्या स्टुडिओत वाक्य क्वचितच पुरं व्हायचं. खुर्ची मात्र रोज मांडलेली असायची.